युद्धाच्या तेजीचा वाटेकरी कोण?

दूरदेशी लढाई पेटली की कापसाला भाव येतो आणि शेतकरी वर येतो, असं मानणारे लोक आदिलाबादपासून हिंगणघाटापर्यंत भेटतात. दाखला अमेरिकेतल्या यादवीचा असतो. 1861 मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखायला सुरुवात केली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना आणि मुंबईचे व्यापारी वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर तुटून पडले. इथवर खरं आहे. शेतकरी वर आला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

कापसाच्या त्या पैशावर मुंबईत बँका आणि कंपन्या निघाल्या. 1865 मध्ये लढाई संपताच अनेक बुडाल्या. मुलखात काय झालं ते कमी सांगितलं जातं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, बराच जवळच्या कोष्ट्यांच्या मागावर चढे. तेजीत सूत महागलं आणि कोष्टी भरडले गेले. रेल्वे नागपूरला पोचली 1867 साली, खामगावचा फाटा आला 1870 साली, म्हणजे भाव उतरल्यावर. तिने व्यापाराचं तोंड बंदराकडे वळवलं आणि लमाणांच्या तांड्यांची मालवाहतूक संपवली. युद्ध सरलं की सारं पूर्ववत होतं, हा दुसरा समजही इथेच कोसळतो. मिर्झापूरची वाट पुन्हा भरली नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातलं नेरडीगोंडा हे मंडलाचं गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. तिथे रेल्वे आजही नाही. निर्मलचा घाट चढून आदिलाबादला जाणारा महामार्ग 44 हीच त्याची नाळ. कापूस आदिलाबादच्या यार्डात आणि जिनिंगमध्ये जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. कमी पिकामुळे कापूस आधीच चढत होता. लांब धाग्याचा हमीभाव 6,025 रुपये असताना त्या हंगामात बाजारभाव क्विंटलला 10,000 रुपयांपुढे गेला. पण ज्याच्यावर बियाण्याची, खताची उधारी असते, तो कापूस संक्रांतीपर्यंत विकून मोकळा होतो. उन्हाळ्यातली तेजी साठा असलेल्याची. शेतकऱ्याच्या दारात युद्ध आलं ते खताच्या गोणीतून, कारण पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून येतं आणि रशिया-बेलारूस त्याचे मोठे विक्रेते आहेत.

मग कापूसच सोडा, असं सांगणारेही आहेत. काळ्या कोरडवाहू रानात रोख पैसा देणारं दुसरं पीक हाती न देता हा सल्ला देणं अन्याय आहे. दोष पिकाचा नाही, थांबण्याची ऐपत नसण्याचा आहे. घरात कापूस साठवला तर अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती राहते, वर सावकार दारात. म्हणून मंडलाच्या ठिकाणी कापूस सुरक्षित राहील असं गोदाम हवं आणि त्या मालावर कमी व्याजाचं तारण कर्ज हवं. नेरडीगोंड्याच्या शेतकऱ्यांनी ही मागणी पुढच्या वेचणीआधी बाजार समितीकडे लेखी न्यावी, आणि आदिलाबादच्या व्यापाऱ्यांनीही तिच्यावर सही करावी.