अळूच्या पानावरचं सोनं

जपानी जुबाको म्हणजे नववर्षाचे किंवा फुलांच्या बहरात सहलीला न्यायचे पदार्थ भरण्यासाठी एकावर एक रचायचे लाकडी डबे. एदो काळातले जुने जुबाको पाहताना नजर आधी सोन्यावर जाते, पण खरी कमाई त्याखालच्या काळ्या लाखेची आहे. ही लाख किड्यांची नव्हे, उरुशी झाडाच्या चिकाची. दहा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड एका हंगामात जेमतेम 200 ग्रॅम चीक देतं आणि मग बहुधा तोडलंच जातं. चीक अंगाला लागला तर खाज सुटून पुरळ येतं. तो उन्हात वाळत नाही. उबदार, दमट कपाटात हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. एकेक पातळ थर द्यायचा, घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. सजावटीच्या माकी-ए पद्धतीत ओल्या लाखेनं चित्र काढून त्यावर बांबूच्या किंवा पिसाच्या नळीतून सोन्याची पूड भुरभुरवतात. नुसतं सोनं ओतलेले डबे मला फार काळ धरून ठेवत नाहीत. लाखकाम करणारे कलावंत शिबाता झेशिन (1807–1891) यांचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला जुबाको मात्र मनातून जात नाही. त्यावर अळू आणि शेवंती आहे! राजहंस नाही, राजवाडा नाही, परसातली झाडं. याच झेशिननी ओल्या लाखेवर फणी फिरवून लाटा उमटवण्याची विस्मरणात गेलेली रीत पुन्हा हाती आणली. लाख घट्ट व्हायच्या आत हात फिरला पाहिजे, आणि तो एकदाच.