मृतास त्याचे नाव मिळाले पाहिजे



२ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकाजवळ, तीन आगगाड्यांचा भीषण अपघात झाला व २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली, हे आपणांस स्मरत असेलच. परंतु त्या अपघाताचा खरा शेवट त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात झाला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भुवनेश्वरच्या एम्स रुग्णालयात चार महिने राखून ठेवलेल्या २८ प्रेतांवर तेथील महानगरपालिकेने अंत्यसंस्कार केले. ती प्रेते मागावयास कोणी आले नव्हते. सरकारी कागदावर त्यांची नोंद ‘बेवारस’ अशी झाली.

बेवारस! आईच्या पोटी जन्मास आलेला माणूस बेवारस कसा होतो, याचा विचार आपण केला आहे काय?

कोरोमंडल एक्स्प्रेसच्या अनारक्षित डब्यांतून दक्षिणेकडे मजुरीसाठी निघालेल्या माणसांचा त्या मृतांत मोठा भरणा होता. आरक्षित डब्यातील उतारूचे नाव व वय रेल्वेच्या यादीत असते. अनारक्षित डब्याच्या तिकिटावर नाव नसते. त्यातील माणूस जिवंत असतो तोवर गर्दीचा एक भाग असतो आणि मेल्यावर क्रमांक होतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळून २६० जण दगावले. तेथील प्रेते आगीने अधिकच विद्रूप झाली होती. तरीही सोळा-सतरा दिवसांत सर्वांची ओळख पटली. शास्त्र दोन्ही ठिकाणी एकच होते. पण विमानाच्या उतारूंची यादी हाती होती, त्यामुळे रक्ताचा नमुना देण्यास कोणास बोलवावयाचे हे पहिल्याच दिवशी माहीत होते. बहानग्यास ते माहीत नव्हते.

हे शास्त्र कसे चालते, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे. चेहरा पाहून पटविलेली ओळख फसवी ठरते. प्रेत सुजते, रंग पालटतो, आणि दुःखाने वेडावलेला बाप दुसऱ्याच्या मुलास आपला म्हणून कवटाळतो. बालासोरास एकेका प्रेतावर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला, तो लोभाने नव्हे. छायाचित्रे पाहून माणूस ओळखणे किती कठीण आहे, याचाच तो पुरावा होय. म्हणून इंटरपोलने घालून दिलेल्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही तीनच साधने मुख्य मानली आहेत. कपडे, दागिने, गोंदण, जखमेचा वण ही दुय्यम. मृत्यूपूर्वीची माहिती एका कागदावर, प्रेताची दुसऱ्यावर, आणि दोन्ही जुळले तरच नाव. आता पाहा, दातांची नोंद दंतवैद्याकडे असावी लागते. मजुराने दंतवैद्य पाहिलेला असतो काय? त्याच्यासाठी बहुधा डीएनए हाच मार्ग उरतो, आणि त्यास आईबाप किंवा मुले यांचा नमुना लागतो. तो देण्यासाठी म्हाताऱ्या आईने शेकडो मैलांचा प्रवास करावयाचा, रोजगार बुडवून निकालाची वाट पाहावयाची. ओळख पटेपर्यंत प्रेत नाही आणि भरपाईही नाही.

आपल्या मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा एका रुग्णालयात मृतांच्या कपाळांवर शाईने क्रमांक घातले गेले. नातलगांना प्रत्येक प्रेत पाहावे लागू नये, हा हेतू सांगण्यात आला. हेतू खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण क्रमांकाची चिठ्ठी मनगटास बांधता येते. त्यासाठी कपाळच कशाला हवे?

शासनाकडे नियम नाहीत असेही नाही. आपत्तीतील मृतांच्या व्यवस्थेविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या. बेपत्ता माणसे व अनोळखी प्रेते यांची ओळख पटविणे हा ज्याचा एक हेतू होता, ते डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ती २८ प्रेते शीतगृहात पडून असतानाच, मागे घेण्यात आले. त्या विधेयकास विरोध करणाऱ्यांची भीती अनाठायी होती असे आम्हांस वाटत नाही. गुन्हेगारांची म्हणून जी नोंद ठेवली जाईल, तीत दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्तांचेच नमुने अधिक भरले जातील, ही शंका या देशाच्या तुरुंगांकडे पाहणारास सहज येते. परंतु मेलेल्याची ओळख व जिवंतावरील पाळत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. केवळ बेपत्ता व अनोळखी मृतांपुरता, नातलगांच्या संमतीने चालणारा, नमुना घेण्यासाठी त्यांच्या गावापर्यंत जाणारा कायदा करावा, अशी मागणी आपण का करू नये? न्यूयॉर्कमध्ये २००१ साली मनोरे कोसळून २,७५३ माणसे मेली. त्यांतील तिघांची ओळख तेथील शासनाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पटविली. चोवीस वर्षांनी! आमच्याकडे चार महिन्यांत चिता पेटली.

कायदा होईल तेव्हा होईल. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीस आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनास नागपूरला आपण लाखोंच्या संख्येने जातो, तेही बहुधा अनारक्षित डब्यांतूनच. ऊसतोडीस व बांधकामास जाणाऱ्यांची गोष्ट निराळी नाही. तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक जथ्याच्या प्रमुखाने जाणाऱ्यांची नावे, वय, गाव, घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक व अंगावरील खूण लिहून काढावी. एक प्रत बरोबर न्यावी, एक विहारात ठेवावी. धम्मदीक्षेनंतर ज्यांनी आडनाव बदलले आहे, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक व रेशनकार्डावर दुसरे नाव असण्याचा संभव असतो. अशांची दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत. मोडून जुळलेले हाड, पडलेला दात, शस्त्रक्रियेचा वण, हे बायकांना पक्के ठाऊक असते, म्हणून यादी करताना त्यांस विचारावे. लहान मुलांच्या खिशात आईबापांच्या नावाची चिठ्ठी घालून ती टाचणीने न अडकविता शिवून टाकावी.