हंगामी मिळकत, बारमाही हप्ता

भंडारदऱ्यात पैसा हंगामाने येतो. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. मग रंधा धबधबा आणि पावसाळी गर्दी, त्यानंतर दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या. शेंडी-रतनवाडीच्या पट्ट्यात टेंट, घरगुती जेवण, भाड्याची गाडी किंवा वाटाड्याचे काम यांवर चालणाऱ्या घरांची बरीचशी मिळकत या मोजक्या आठवड्यांत होते. भात विकला गेला की थोडी भर पडते. नवशिक्यासाठीचे गुंतवणुकीचे सल्ले मात्र नोकरदाराला समोर ठेवून दिलेले असतात. एक तारखेला पगार आणि पाच तारखेला हप्ता, हे वेळापत्रक येथे फेब्रुवारी-मार्चमध्येच मोडते. म्हणून योजना निवडण्याआधी घरात पैसा कोणत्या महिन्यांत येतो आणि कोणत्या महिन्यांत नुसता जातो, हे वहीत मांडावे लागते.

त्या वहीत २०२० साल विसरून चालत नाही. टाळेबंदीमुळे त्या वर्षीचा काजव्यांचा हंगाम बुडाला. त्याच वर्षी २३ मार्चला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली गेला होता. जानेवारीत तो ४१ हजारांच्या वर होता. नोव्हेंबरात तो ४४ हजारांपुढे पोहोचला खरा, पण घरखर्चासाठी मधल्या काळात फंडाचे युनिट विकावे लागलेल्याला त्याचा काय उपयोग? मिळकत आणि बाजार एकाच वेळी पडू शकतात. त्यामुळे हंगामी मिळकतीच्या घराने निदान एक रिकामा हंगाम निभावेल एवढी रक्कम बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत वेगळी ठेवावी. पगारदाराला तीन महिन्यांची शिल्लक पुरत असेल. येथे सहा महिन्यांचीही कमीच.

हप्त्याची सवय लावायला टपाल खात्याची आवर्त ठेव, म्हणजे आरडी, अजूनही चांगली. महिन्याला १०० रुपयांपासून, मुदत ५ वर्षे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के झाला. त्या दराने महिना १,००० रुपये भरल्यास ६०,००० चे सुमारे ७१,३६६ होतात. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड लागतो, आणि चार हप्ते थकले की खाते खंडित होते. पण याच योजनेत हंगामी माणसाच्या सोयीचे एक कलम आहे आणि खिडकीवर ते आपणहून कोणी सांगेलच असे नाही: हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा महिन्यांचे एकदम भरल्यास १०० रुपयांच्या खात्यावर १० रुपये, बारा महिन्यांचे भरल्यास ४० रुपये. म्हणजे १,००० च्या खात्याचे वर्षभराचे १२,००० रुपये जूनमध्ये एकरकमी भरायचे, तर खिशातून ११,६०० च जातात. वर्षभर पासबुकाकडे पाहायला नको.

लांबच्या पल्ल्याला पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) याच कारणासाठी सोयीचे. त्यात महिन्याची सक्ती नाही. आर्थिक वर्षात किमान ५०० आणि कमाल दीड लाख, केव्हाही आणि कितीही वेळा भरावेत. मुदत १५ वर्षे, ७.१ टक्के हा दर एप्रिल २०२० पासूनचा. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर धरतात, त्यामुळे काजव्यांच्या मोसमातला पैसा भरायचा तर ५ जुलैच्या आत. वर्षाच्या सुरुवातीला १२,००० याप्रमाणे १५ वर्षे भरल्यास याच दराने १,८०,००० चे सव्वातीन लाख होतात.

समभाग फंडाची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या रकमेची गुंतवणूक, ही यानंतरची पायरी, आणि तीही दहा वर्षे हात न लावता येण्याजोग्या पैशासाठीच. नवशिक्याला निफ्टी ५० वर आधारलेला एक साधा इंडेक्स फंड पुरे. पाच फंड घेतल्याने जोखीम पाचपट कमी होत नाही, कागद तेवढे वाढतात. अडचण येते ती खात्यात पैसे नसताना. हप्ता परत गेला की बँक दंड लावते, आणि ५०० च्या हप्त्यावर तो दंड फार महाग पडतो. लागोपाठ तीन मासिक हप्ते चुकले तर एसआयपी बंदच होते.

यावरचा उपाय समजायला धरणाच्या भिंतीकडे पाहावे. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण पावसाळ्यात सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवते आणि खाली प्रवरेच्या कालव्यांना ते आवर्तनांनी सोडले जाते. एसटीपीची, म्हणजे एका फंडातून दुसऱ्या फंडात हप्त्याने पैसे वळवण्याची, रीत हीच. हंगामाची रक्कम आधी लिक्विड फंडात, म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात, ठेवायची आणि तेथून दर महिन्याला ठरलेला भाग इंडेक्स फंडात वळता करायचा. लिक्विड फंडालाही हमी नसते, पण चढउतार फार थोडा. समजा जुलैत २४,००० ठेवले, तर महिना २,००० प्रमाणे पुढच्या जूनपर्यंत बारा हप्ते जातात आणि फेब्रुवारीत बँकेत पुरेसे पैसे आहेत की नाहीत, हा प्रश्न उरत नाही. हंगाम फसला तर पुढच्या वर्षी रक्कम कमी ठेवता येते किंवा ते वर्ष सोडताही येते. आधीचे युनिट तसेच राहतात.