टोकियो ते एमएच-19, व्हाया नगर

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा असतोच. स्वतः सेकण्डहॅण्ड वॅगन-आर चालवतो, पण कम्प्युटरवर वॉलपेपर मात्र निस्सान स्कायलाइनचा. 2006 साली ‘टोकियो ड्रिफ्ट’ आला तेव्हा हा पहिली-दुसरीत असेल, पण त्यातल्या प्रत्येक गाडीचं इंजिन याला तोंडपाठ. टपरीवर कटिंग हातात आलं की याचा ठरलेला डायलॉग सुरू. “बॉस, जपानमध्ये मस्त गाडी तीन-चार लाखांत पडते. कण्टेनरमध्ये टाकायची नि आणायची. स्टेअरिंगसुद्धा उजव्याच बाजूला!”

स्टेअरिंगचं खरं आहे. पुढच्या सगळ्यात लोच्या आहे.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण 2025च्या दिवाळीत हाच प्रश्न माझ्या घरातून आला. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, धुळ्याचा. नऊ वर्षं टोकियोत सॉफ्टवेअरमध्ये. राहायला निशीकसाईत, जिथे भारतीय इतके आहेत की त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडूनही आले. काकांची बायपास झाली आणि दादाने परत यायचं पक्कं केलं. वहिनी जळगावच्या, काम घरून करायचं, म्हणून मुक्काम जळगावला ठरला. फ्लॅट बघून झाला, मुलाची शाळा बघून झाली. राहिली ती गाडी.

गाडी म्हणजे सुझुकी जिम्नी, तीन दारांची, जपानमध्ये ज्यांना ‘केई’ म्हणतात त्या जातीची. केई म्हणजे इंजिन 660 सीसीच्या आत, लांबी 3.4 मीटरच्या आत, रुंदी दीड मीटरपेक्षाही कमी. फुल्ल खेळणं दिसतं. दादाची पहिली स्वतःची गाडी, बाळाला हॉस्पिटलमधून घरी आणलं ती हीच. “तू पत्रकार आहेस ना? शोधून काढ, हिला एमएच-19 नंबर कसा मिळेल,” असा व्हिडिओ कॉलवर हुकूम सुटला. मी पुण्यात बसून फ्रीलान्सिंग करते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच असते. लागले कामाला.

सुरुवात छान झाली. वापरलेली गाडी आणायला परवानगी आहे, 2001 सालापासून आहे. त्या वर्षी जागतिक व्यापार करारांमुळे सरकारला आयातीवरची बंदी उठवावी लागली, आणि दार उघडतानाच त्याला अटींच्या कड्या लावल्या गेल्या. गाडी उजव्या स्टेअरिंगची हवी. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आखातातून येणाऱ्या आपल्या माणसांच्या गाड्या इथेच आडव्या होतात, कारण तिकडे स्टेअरिंग डावीकडे. जपानी गाडी मात्र या तिन्ही परीक्षा जन्मतःच पास. जपानही आपल्यासारखाच डावीकडून चालतो.

चौथी अट वाचली आणि दादाला फोन लावला. गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही.

आता यातली गंमत बघा. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी येते, नंतर दर दोन वर्षांनी. तिला ‘शाकेन’ म्हणतात आणि ती चांगलीच महाग पडते. त्यामुळे तपासणीच्या तोंडावर बरेच जण गाडी विकून मोकळे होतात. श्रीलंका, पाकिस्तान, केनियात जपानी गाड्या दिसतात त्या याच नळातून वाहून गेलेल्या. बांगलादेश पाच वर्षांपर्यंतच्या गाड्या घेतो, केनिया आठ. आपण बरोब्बर तिथे नळ बंद करतो जिथे तो जपानमध्ये सुटतो. तुमच्या वॉलपेपरवरची स्कायलाइन आर-34 तर 2002 मध्येच बनायची थांबली. त्या मित्राला हे सांगा, पण चहा संपल्यावर.

दादा निवांत होता. “माझ्या कागदावर मार्च 2023 आहे. बराच वेळ आहे.” जपानी कागदपत्रावर असते ती पहिल्या नोंदणीची तारीख. आपला नियम मोजतो गाडी कारखान्यात बनली तेव्हापासून. तिकडच्या डीलरकडून विचारून घेतलं, तर उत्तर आलं जानेवारी 2023. म्हणजे दिवाळीपासून हातात राहिले तीन महिने आणि त्यात जहाजाचे आठवडे वजा. शिवाय वापरलेली गाडी उतरवता येते ती फक्त मुंबई बंदरात.

उतरली की लगेच हाती येते असंही नाही. कस्टम्समधून सुटण्यापूर्वी तिची तपासणी करून ‘ही मोटार वाहन कायद्यात बसते’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते देणाऱ्या संस्थांत एक आहे पुण्याची एआरएआय, वेताळ टेकडीवरची, जिच्या गेटवरून आपण रविवारी सकाळी ट्रॅकपॅण्ट घालून जातो. दुसरी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. तिसरी मध्य प्रदेशातल्या बुधनीची, मूळची ट्रॅक्टर तपासणारी. म्हणजे टोकियोहून निघालेली गाडी जळगावला पोचायच्या आधी ट्रेलरवर बसून नगर बघणार. ती जिथे उभी राहील तिथलं भाडं अर्थातच मालकाच्या खात्यावर. वर प्रदूषणाचं बघायचं. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे भारत स्टेज-6. गाडी जपानी मापाने कितीही स्वच्छ असो, मोजपट्टी इथली लागणार.

“2018 मध्ये म्हणे जपानी सर्टिफिकेट चालेल असा नियम झाला?” दादाने इण्टरनेटवर वाचलं होतं. झाला, पण तो कंपन्यांसाठी. कंपनीने वर्षाला 2,500 पर्यंत नव्या गाड्या आणल्या तर युरोप किंवा जपानची मान्यता पुरते, इथे पुन्हा सगळ्या चाचण्या नकोत. एका दादाच्या एका जिम्नीला त्याचा उपयोग शून्य.

मग आकडे मांडले. इथे जरा थांबून वाचा, कारण टपरीवरचा डायलॉग इथे मरतो. समजा, जहाजभाडं आणि विमा मिळवून कस्टम्सने गाडीची किंमत दहा लाख धरली. (तुम्ही दाखवलेल्या बिलावर ते विश्वास ठेवतीलच असं नाही. नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा करून ते आपला आकडा काढतात.) वापरलेल्या गाडीवर आयातशुल्क आणि अधिभार मिळून 137.5 टक्के. 2025च्या बजेटमध्ये मूळ शुल्क 125 वरून 70 वर आल्याच्या हेडलाइन्स झळकल्या होत्या, पण शेजारी 67.5 टक्क्यांचा कृषी सेस येऊन बसला आणि बेरीज जिथल्या तिथे राहिली. झाले 23 लाख 75 हजार. त्यावर जीएसटी. लहान इंजिनाला सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के, मोठ्याला 40. आपली लहान, तरी 28 लाख. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स, इम्पोर्टेड गाडीला 20 टक्के आणि तोही ड्युटीसकट किमतीवर. एकूण साडेतेहेतीस लाखांच्या पुढे, चाचणी, ट्रेलर, एजण्ट आणि बंदराचं भाडं सोडून.

660 सीसीसाठी!

दादाचा शेवटचा पत्ता होता एनआरआयचा. “इतकी वर्षं बाहेर राहून परत येतोय, काही सवलत असेलच.” आहे, घरसामानाला. मोटारीला नाही. आणि ड्युटीच्या बाबतीत नाव कितीही मोठं असलं तरी फरक पडत नाही, म्हणजे शेवटी पडत नाही. सचिन तेंडुलकरला 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकल शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, ड्युटी निघाली एक कोटीच्या वर. सरकारने ती माफ केली, गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि अखेर पैसे फियाटने भरले. दादाकडे फियाट नाही.

दरम्यान एका एजण्टचा नंबर मिळाला होता. फोनवर माणूस एकदम गोड. “मॅडम, तारखेचं टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या बाजूने आणू, दुसऱ्या राज्यात पासिंग करू, मग एनओसी काढून जळगावला.” ‘दुसरी बाजू’ म्हणजे काय हे ज्याने त्याने ओळखावं. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ चालवलं. नुमखोर हा भूतानी भाषेतला गाडीसाठीचा शब्द. भूतानमार्गे आणलेल्या, भलत्याच राज्यात नोंदवलेल्या लॅण्ड क्रूझरसारख्या गाड्यांसाठी सिनेमावाल्या बड्या मंडळींच्या घरांपर्यंत छापे पोचले. तिथे घेणारेही अडकले, विकून गेलेला कुठे होता देव जाणे. दादाला मी एवढंच म्हटलं, “काका बायपासवाले आहेत, घरी कस्टम्स नको.” तो हसला नाही.

दिवाळीत जळगावला होते म्हणून आरटीओच्या बाहेरच्या फॉर्म भरून देणाऱ्या टपरीवरही जाऊन आले. टपरीवाल्याने चष्मा वर केला. “ताई, इम्पोर्टेड म्हणजे आपल्याकडे ऑडी-बीएमडब्ल्यू. त्यांचे कागद डीलर करून देतो.” त्यातली बरीचशी ऑडी संभाजीनगरजवळ शेंद्र्यात जोडलेली आणि बीएमडब्ल्यू चेन्नईत, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने मात्र कामाची माहिती दिली. फॉर्म 20, विमा, पत्त्याचा पुरावा हे सगळ्यांनाच. इम्पोर्टेडला वर कस्टम्सचा क्लिअरन्स आणि चाचणीचं प्रमाणपत्र, त्याशिवाय फाइल पुढे सरकतच नाही. मग इन्स्पेक्टर गाडी बघणार, चासी नंबर ताडून पाहणार. “चासी नंबर किती अक्षरी?” त्याने विचारलं. मी फोटो दाखवला. जपानच्या घरगुती बाजारातल्या गाड्यांवर आपल्यासारखा 17 अक्षरी नंबर नसतो. त्यांचा छोटा असतो, मॉडेलचा कोड, मध्ये आडवी रेघ आणि पुढे आकडे. त्याने फोटो मोठा करून पाहिला. “एवढाच? कम्प्युटर उरलेली अक्षरं मागणार, भो,” म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा फॉर्म ओढला.

धुळ्याला काकांना हे सगळं सांगायला गेले. काकांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आहेत. ड्युटी, सेस वगैरे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा प्रश्न एकच, “जपाननी गाडी शे, पण ब्रेकना सामान कोठे भेटी?” मला हसू आलं, कारण नेमकं हेच सरकारनेही विचारलं आहे. वापरलेली गाडी आणणाऱ्याने ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे हे लिहून द्यायचं आणि त्या काळात तिची सर्व्हिस देशातच होईल याची हमी द्यायची. जिम्नी भारतातही विकली जाते, पण तिचं इंजिन दीड लिटरचं. दादाच्या 660 सीसीच्या टर्बोचा पाना-पकडीचा संसार वेगळा. जळगावातला कुठला मेकॅनिक त्याची हमी देणार?

बारीकसारीक गोष्टी तर मोजल्याच नाहीत. नेव्हिगेशन जपानीत बोलतं आणि त्याला पारोळा-एरंडोल माहीत नाही. जपानचा एफएम 76 ते 95 मेगाहर्ट्झवर चालतो, आपला 87.5 ते 108, म्हणजे अर्धी स्टेशनं लागणारच नाहीत. यावर दादाचं म्हणणं, “तेवढं चालेल.” माणूस प्रेमात असला की असाच बोलतो.

तात्पुरती आणायची वाट असते, तिला कारने म्हणतात. धुळ्याच्या हायवेवर कधीमधी परदेशी नंबरप्लेटची धुळीने माखलेली जीप दिसते ना, ते पर्यटक या कागदावर येतात. आपल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडून घ्यायचा, ड्युटी न भरता गाडी आत, सहा महिन्यांत बाहेर. मुक्कामाला येणाऱ्या माणसाच्या ती कामाची नाही.

आणि एक किस्सा राहिलाच. जानेवारी 2025 मध्ये सुझुकीने जपानमध्ये पाच दारांची जिम्नी ‘नोमाड’ नावाने आणली. चार दिवसांत पन्नास हजार ऑर्डरी आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. ती बनते आपल्या गुरुग्रामला. म्हणजे दादा इकडे यायला तडफडत होता तेव्हा त्याचे जपानी शेजारी हरयाणातून येणाऱ्या जिम्नीसाठी रांगेत होते. हे मी त्याला कळवलं तेव्हा त्याने फक्त अंगठा पाठवला.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याने गाडी विकली, शाकेनच्या आधी. घेणारा चिबाचा एक तरुण, त्याने भाव बरा दिला. वहिनी म्हणाल्या, विकायच्या आदल्या दिवशी बापलेक दोघं गाडी धूत बसले होते, दोन तास. त्यावर दादाशी कुणी काही बोललं नाही.

जानेवारीत मंडळी जळगावला आली. पहिल्याच आठवड्यात दादा पाच दारांची जिम्नी बघायला शोरूमला गेला, एक्स-शोरूम पंधरा लाखांच्या आत. सोबत काका. सेल्सवाला मुलगा टचस्क्रीन दाखवत होता, तेवढ्यात काकांनी बॉनेट उघडायला लावलं आणि ब्रेक पॅड कितीला पडतात ते विचारलं. त्याला तोंडपाठ नव्हतं. आत जाऊन विचारून आला, मगच काका गाडीत बसले.