लुंबिनीला निघालात? गोळ्यांची पिशवी आधी भरा



दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांमधून बौद्ध स्थळांच्या बसगाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून गाडी सोनौलीला सीमा ओलांडते आणि लुंबिनीला पोहोचते. व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेश आहे हे आपण विसरतो. परदेशात आजारी पडल्यावर काय होते, ते मी अशाच एका सहलीत पाहिले.

आमच्या गाडीत साठीच्या एक मावशी होत्या. बीपी आणि शुगर दोन्ही. लघवीसाठी गाडी थांबवा असे सांगायची लाज, म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले. शुगरची गोळी सकाळी घेतली, पण जेवायला तीन वाजले. मायादेवी मंदिराच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले आणि त्या खाली बसल्या. शुद्धीवर होत्या म्हणून साखरपाणी पाजता आले. गोळ्यांची पिशवी गाडीच्या डिकीत, दवाखान्याचे कार्ड घरी. आयोजक 108 लावत होता, पण फोनला रेंजच नव्हती. वर म्हणाला, "यात्रा म्हटली की थोडा त्रास व्हायचाच."

मला हे पटत नाही. तथागतांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवला आणि सोडून दिला. मग त्यांच्या जन्मस्थळी आपण शरीराचे हाल करत का जावे? नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर थकले होते. सोबत माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर. आपल्या मावशीसोबत डॉक्टर नसतो, म्हणून तयारी आपणच करायची.

निघण्याच्या आठ दिवस आधी दवाखान्यात जा. सहलीचे दिवस आणि वर पाच दिवस पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या. गोळ्या पाकिटातून काढू नका, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. ही पिशवी डिकीत नको, मांडीवर हवी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवावे, बर्फावर थेट ठेवू नये. शुगरवाल्यांच्या खिशात गूळ किंवा साखर हवीच. जेवणाला उशीर होणार असेल तर आधी दोन घास खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

लुंबिनीचा परिसर जवळपास पाच किलोमीटर लांब आहे. वयस्कर माणसांसाठी ई-रिक्षा करा. मंदिराजवळ चपला काढाव्या लागतात. शुगरने पाय बधिर झालेल्या माणसाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, म्हणून मोजे घाला आणि रात्री तळवे तपासा. गाडीत दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला.

आता बायांशी थोडे. यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या अनेकजणी मेडिकलमधून परस्पर आणतात. पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेल्या बाईला त्या घातक ठरू शकतात. आणि मुळात कशासाठी? आपण विटाळ मानत नाही. पॅड घ्या आणि खुशाल वंदना करा. प्रवासाच्या सोयीसाठी गोळी हवीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सीमेवर मूळ मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट दाखवा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. तिथे शंभर भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात. आपले आयुष्मान कार्ड तिथे चालत नाही, त्यामुळे औषधपाण्याचे पैसे वेगळे बांधून ठेवा. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर 102 आहे. तो लावायला चालू फोन हवा, म्हणून गाडीत एकाने तरी नेपाळचे सिम घ्यावे. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलेच प्या. जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजा.

आयोजकांना माझे सांगणे आहे. सीट विकताना जेवणाचा मेनू सांगता, तसे दर तीन तासांनी बायांना वापरता येईल असा संडास कुठे, तेही सांगा. प्रत्येक प्रवाशाचा आजार आणि औषध वहीत लिहून घ्या. भगिनींनो, पैसे भरण्याआधी हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर त्या गाडीत बसू नका.

त्या मावशी सुखरूप घरी आल्या, पण अशोकस्तंभ त्यांनी लांबूनच पाहिला. वर्षभर भिशी भरून त्या गेल्या होत्या. पुढच्या मावशीच्या वाट्याला हे येऊ नये.