स्लॅबखालची झोप

बांधकामावर कोणी ‘आज स्लॅब पडला’ म्हटले, तर ऐकणारा दचकत नाही. मिस्त्रींच्या बोलीत ती चांगली बातमी असते. मालक पेढे आणतो, मजुरांना जेवण घालतो. २२ ऑगस्ट २०२४ रोजी इंदूरजवळ सिमरोल पोलीस ठाण्याच्या हद्दीत, चोरल गावात, एका फार्महाऊसचा स्लॅब असाच पडला आणि त्याच रात्री तो दुसऱ्या अर्थानेही पडला. दिवसभर घमेली वाहिलेले मजूर त्या ओल्या स्लॅबखालीच झोपले होते. पावसाळ्याच्या दिवसांत डोक्यावर छप्पर म्हणावे असे तेवढेच होते. सकाळी ढिगारा उपसला तेव्हा पाच मृतदेह निघाले.

नंतर जे होते ते सारे झाले. गुन्हा दाखल झाला, चौकशी लागली. पण एक साधा प्रश्न मागेच राहिला. ओल्या काँक्रीटखाली माणसे झोपवायची नसतात, हे त्या जागेवर जाऊन सांगण्याचे काम कोणाचे होते? आणि ज्याचे होते, त्याला ते कोणी शिकवले होते?

काँक्रीटचे शास्त्र काही गूढ नाही. आपल्या देशाचे ४५६ क्रमांकाचे मानक साध्या हवामानासाठी सरळ आकडे देते. गाळा साडेचार मीटरपर्यंतचा असेल तर स्लॅबखालचे टेकू ७ दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. काँक्रीटची ताकद मोजायची ती २८ व्या दिवशी. म्हणजे पहिल्या रात्री तो स्लॅब स्वतःच्या पायावर उभा नसतोच. त्याला उभे ठेवतात ते टेकू आणि टेकूंखालची जमीन. पावसाने भिजलेली माती खचली, एक टेकू सरकला की बाकीचे पत्त्यांसारखे जातात. जाणत्या निरीक्षकाला हे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. पण खंडवा रस्त्यावर आतल्या बाजूला उभ्या राहणाऱ्या फार्महाऊसवर ती पंधरा मिनिटे घालवायला कोण जातो?

सिमरोल म्हणजे पूर्वी इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना घाट लागण्याआधी चहा प्यायला थांबण्याचे गाव. महू तहसिलीतले, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे. २००९ मध्ये इंदूरला आयआयटी सुरू झाली, तिचा परिसर इथे वसला आणि जमिनीचा नूर पालटला. शेताची कॉलनी, कॉलनीची बहुमजली ‘मल्टी’, टेकडीचे फार्महाऊस. हाच रस्ता पुढे बऱ्हाणपुरावरून आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला येऊन भिडतो. तो आता चौपदरी होतो आहे, घाटात बोगदे खोदले जात आहेत. रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेला काय उगवते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पुणे-सातारा रस्त्यावर, कल्याण-शीळ रस्त्यावर आपण ते पाहिले आहे.

अशा गावात बांधकामावर कायद्याने नजर ठेवायची ती ग्रामपंचायतीने. मध्य प्रदेशच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यातले ५५ वे कलम घरबांधणीचे नियंत्रण पंचायतीकडे देते. पंचायत म्हणजे सरपंच आणि सचिव. सचिवाकडे आधीच घरकुलाच्या याद्या, पेन्शनची प्रकरणे, रोजगार हमीचे हजेरीपट. त्यातच कोणी नकाशा आणून दिला तर त्यावर शिक्का. तो माणूस कामचुकार आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये घालण्याचे काम पोस्टमनला दिले आणि तो चुकला, तर दोष पोस्टमनचा म्हणता येत नाही, एवढेच.

शहरात तर नगर निगम आहे, भवन अधिकारी आहेत, भवन निरीक्षक आहेत, पाडापाडी करणारे ‘रिमूव्हल’ पथक आहे. तिथे काय होते? ३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होते. खाली जुनी बावडी होती, तिच्यावर स्लॅब टाकून जागा केलेली होती. तो स्लॅब खचला आणि ३६ माणसे गेली. या बांधकामाबद्दल निगमने आधीच नोटीस काढलेली होती, ही त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट. धार्मिक भावना दुखावतील अशी ओरड झाली आणि कागद जिथल्या तिथे राहिला. दुर्घटनेनंतर एक भवन अधिकारी आणि एक भवन निरीक्षक निलंबित झाले. त्याआधी २०१८ मध्ये, मार्चच्या शेवटच्या रात्री, सरवटे बसस्थानकाजवळचे जुने हॉटेल कोसळून १० जण दगावले होते. २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून लोक मेले. फुटलेल्या जलवाहिनीच्या डोक्यावर शौचालय बांधलेले आढळले. तीन घटनांची कारणे वेगळी, खातीही वेगळी. पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी चुकीचे उभे होते आणि ते दिवसाढवळ्या उभे होते.

निलंबन ही आपल्याकडची रीत झाली आहे. लोकांचा राग निवण्यापुरते ते चालते, मग चौकशी रेंगाळते, माणूस दुसऱ्या खात्यात रुजू होतो. निलंबित अधिकारी काय चुकला, हे त्याच्या जागी आलेल्याला कोणी सांगत नाही. तो पहिल्या दिवसापासून तेच करतो, जे आधीचा करत होता. आमचे म्हणणे असे की, बांधकामाच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या माणसाला शिक्षेआधी शिक्षण द्या. तेही दोन दिवसांचे चहा-बिस्किटांचे शिबिर नव्हे. रीतसर अभ्यासक्रम, परीक्षा, मुदतीचे प्रमाणपत्र आणि त्याचे नूतनीकरण. ते हाती नसेल तर त्या खुर्चीवर बसता येणार नाही, असा नियम.

आपल्याकडे हे नवे नाही, म्हणूनच त्याची अनुपस्थिती अधिक खटकते. भाजीवाल्याच्या तराजूवर नजर ठेवणाऱ्या वैधमापन निरीक्षकासाठी रांचीत केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे. तिचा मूळ अभ्यासक्रम चार महिन्यांचा. मिठाईचे नमुने घेणाऱ्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला पदवी तर लागतेच, वर ठरवून दिलेले प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. आग विझवणाऱ्यांसाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५० च्या दशकापासून उभे आहे. कारखान्यातला बॉयलर चालवायला प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात कचऱ्यावर देखरेख करणाऱ्या स्वच्छता निरीक्षकाला पदविका विचारतात आणि ती देणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ साली मुंबईत स्थापन झाली. म्हणजे तराजू, पेढा, बॉयलर आणि कचरा या चारींची काळजी घ्यायला माणूस तयार करावा लागतो हे आपल्याला शंभर वर्षांत कळले. चार मजली इमारतीचे तेवढे राहून गेले.

भवन निरीक्षक बहुधा उपयंत्री असतो, त्याच्याकडे स्थापत्याची पदविका असते, असे यावर सांगितले जाते. खरे आहे. पण ती पदविका इमारत बांधायला शिकवते. चुकीची इमारत थांबवायला नाही. थांबवणे हा वेगळा हुन्नर आहे. पंचनामा कसा लिहायचा, म्हणजे तो न्यायालयात टिकेल? मोजमाप घेताना साक्षीला कोणाला उभे करायचे? नोटीस कोणावर बजावायची, मालकावर, कंत्राटदारावर की राहणाऱ्यावर? सुनावणीत विधवा म्हातारी रडू लागली आणि बिल्डरचा वकील तिच्या मागे उभा असला, तर दोघांना वेगळे कसे करायचे? स्थगितीचा आदेश निघाल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा जागेवर जायचे असते, हे कोणत्या महाविद्यालयात शिकवतात?

या गोष्टी आता ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबद्दल निर्देश दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि तिची नोंद, कारणांसह आदेश, पाडकामाचे चित्रीकरण. नियम मोडून घर पाडले तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. एका बाजूला न पाडल्याबद्दल निलंबन, दुसऱ्या बाजूला चुकीचे पाडल्याबद्दल वसुली. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे आणि ती ज्याला चालायची आहे त्याच्या हातात आपण कंदीलही दिलेला नाही. मग तो सर्वांत सुरक्षित गोष्ट करतो. नोटीस काढतो आणि फाइल बांधून ठेवतो.

इंदूरकरांना गंजी कंपाउंडही आठवत असेल. जून २०१९ मध्ये जीर्ण घर रिकामे करायला गेलेल्या निगमच्या पथकातल्या अधिकाऱ्यावर भर रस्त्यात क्रिकेटची बॅट चालली. देशभर ते चित्र पाहिले गेले. २०२४ च्या सप्टेंबरात खटल्यातले सारे आरोपी निर्दोष सुटले. प्रमाणपत्राने बॅट अडत नाही, हे आम्हालाही कळते. पण दोन गोष्टी होतात. कागद नेटके असले की ‘मनमानी’चा आरोप टिकत नाही. आणि प्रमाणपत्र हे त्या माणसाचे स्वतःचे असते; महापौर बदलला, आयुक्त बदलले तरी ते त्याच्यासोबत राहते आणि डोळेझाक केली तर ते त्याचेच जाते. ‘साहेब, सही केली तर माझा परवाना जाईल’ हे वाक्य म्हणायची सोय आज भवन निरीक्षकाला नाही. डॉक्टरला आहे, वकिलाला आहे, सनदी लेखापालाला आहे. वरून फोन आला की नकार द्यायला माणसाला हिंमत लागते. हिंमत सगळ्यांकडे नसते, म्हणून त्यांना निदान सबब तरी द्यावी.

इंग्लंडने हा धडा फार महागात घेतला. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. बाहेरून चढवलेल्या ज्वलनशील आवरणाने ती चोवीस मजल्यांवर पसरली आणि ७२ माणसे गेली. तिथे नियमावली नव्हती असे नाही, तपासनीस नव्हते असेही नाही. २०२२ मध्ये नवा इमारत सुरक्षा कायदा झाला आणि एप्रिल २०२४ पासून इमारत तपासणाऱ्या प्रत्येकाला नाव नोंदवणे, आपली क्षमता सिद्ध करणे बंधनकारक झाले. वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही परीक्षेला बसावे लागले, कुरकुर झाली, मुदतही थोडी वाढवून द्यावी लागली. पण नियम मागे घेतला नाही.

शंका घेणारे म्हणतील, आपल्याकडे वाहन परवाना कसा मिळतो ते माहीत असताना आणखी एका प्रमाणपत्राचे दुकान कशाला? शंका रास्त आहे. म्हणूनच परीक्षा निगमने घेऊ नये, राज्याच्या नगर खात्यानेही घेऊ नये. ती बाहेरच्या संस्थेने घ्यावी आणि उत्तीर्णांची यादी कोणालाही पाहता येईल अशी उघड असावी. आपल्या प्रभागाचा निरीक्षक कोण, त्याचे प्रमाणपत्र कधीपर्यंतचे, त्याने किती नोटिसा काढल्या आणि त्यांतल्या किती पुढे गेल्या, हे रहिवाशाला मोबाइलवर दिसले पाहिजे. यातला शेवटचा आकडा खात्यांना सर्वांत नकोसा वाटेल, असा आमचा कयास आहे.

आणि बाहेरची संस्था शोधायला फार लांब जायचे कारण नाही. सिमरोलमध्येच देशातल्या नामांकित तंत्रसंस्थांपैकी एक आहे, तिच्याकडे स्थापत्याचा विभाग आहे. ओल्या स्लॅबखाली माणसे मेली ते चोरल तिच्याच रस्त्यावर, थोडे पुढे. इंदूर, महू आणि आसपासच्या पंचायतींमधले सचिव, उपयंत्री, पटवारी यांना वर्षातून काही आठवडे तिथे बसवता येईल. मोठ्या यंत्रशाळेची गरज नाही. एक काटकोन्या, एक ओळंबा, काँक्रीटवर आपटून त्याचा अंदाज घेणारा हातोडा आणि पंचनाम्याचे शंभर जुने, चुकलेले नमुने. वर्ग मात्र अर्धा जागेवर भरला पाहिजे, चिखलात. कायद्याचा भाग निवृत्त न्यायाधीशांकडे, आगीचा नागपूरकडे, लोकांशी बोलण्याचा भाग ज्यांनी वीस वर्षे मार आणि शिव्या दोन्ही खाल्ल्या अशा जुन्या निरीक्षकांकडे द्यावा. त्यांच्याकडे जे आहे ते कोणत्याच पुस्तकात नाही आणि ते निवृत्त होताना घरी घेऊन जातात.

हे इंदूरला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. होळकर दरबाराने स्कॉटलंडच्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिसला बोलावून शहराची पाहणी करून घेतली, तिचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा आहे. नकाशे काढून गेडिस थांबला नाही. प्लेगच्या त्या काळात त्याने दिवाळीची मिरवणूक नव्याने रचली, तीत रोगाचा भलामोठा उंदीर होता आणि झाडूवाल्यांना मानाने चालवले होते. शतकानंतर याच शहराने ओला आणि सुका कचरा वेगळा करायला घराघराला शिकवले आणि २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिला नंबर घेतला. तेव्हा निगमने झाडूवाल्यापासून सफाई दरोग्यापर्यंत प्रत्येकाला त्याचे काम नव्याने शिकवले होते. भवन शाखेच्या दारात ती शिकवणी पोहोचली नाही, कारण कचऱ्यात कोणाचे चौरस फूट अडकलेले नसतात.

भोपाळने निर्णय घेतला तर पहिली तुकडी वर्षभरात बाहेर पडू शकेल. न घेतला, तरी सिमरोलच्या पंचायतीला एक गोष्ट उद्यापासून करता येईल. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी कळवणे बंधनकारक करायचे, आणि त्या संध्याकाळी एका माणसाने बॅटरी घेऊन जागेवर जायचे, खाली कोणी झोपले आहे का ते पाहायला.