पत्रा उतरतो, पण धूळ कुणाच्या छातीत जाते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या घरांवर कौलांच्या जागी हळूहळू सिमेंटचा पत्रा आला. छपरावरच नाही, तर झडीचा पाऊस लागतो त्या बाजूच्या भिंतीलाही तो ठोकला गेला. न्हाणी, पडवी, गोठा त्यानेच झाकला. स्वस्त, गंजत नाही, म्हणून गरिबाने तो निवडला. पण त्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते, हे विकणाऱ्याने क्वचितच सांगितले.

अखंड पत्र्यापासून फारसा धोका नसतो. तो फोडताना, कापताना, भोक पाडताना किंवा तारेच्या ब्रशने शेवाळ घासताना बारीक तंतू उडतात आणि फुप्फुसात रुतून बसतात. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतात. विशीत पत्रे फोडणारा पोरगा पन्नाशीत धाप लागून दवाखान्यात जातो, तेव्हा त्या धुळीची आठवणही कुणाला नसते.

युरोपीय संघाने २००५ पासून, कॅनडाने २०१८ मध्ये यावर बंदी आणली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशातला वापर थांबवला, तरी तिथला माल आपल्याकडे येत राहिला. भारताने १९८६ पासून खाणींना नवे परवाने देणे बंद केले; आयात मात्र चालूच आहे. जे खणणे धोक्याचे, ते घरावर घालणे कसे चालते?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपायला सांगितले, बाधितांना १ लाख रुपये भरपाई ठरवली. पण हा आधार हजेरीपटावरच्या कामगाराला मिळतो. नाक्यावरून पत्रे उतरवायला नेलेल्या मजुराची नोंद कुठे असते?

इथे प्रश्न जातीचा होतो. पाडकाम, राडारोडा उचलणे, पुरानंतरची सफाई ही कामे कुणाच्या वाट्याला येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठी अनेक घरे पडली. पाणी ओसरल्यावर चर्चा झाली ती पंचनाम्यांची आणि सानुग्रह अनुदानाची. फुटके पत्रे कुणी उचलले, कुठे टाकले, हे कुणी विचारले नाही. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्याच्या यादीत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस आहे. वस्तीत मात्र तेच तुकडे चिखलात भर म्हणून पडतात आणि त्यावर मुले खेळतात.

रमाई आवास योजनेतून आपल्या वस्त्यांत पक्की घरे उभी राहत आहेत, हे चांगलेच आहे. पण नवे घर बांधण्याआधी जुने पाडावे लागते. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जुने पत्रे सुरक्षित उतरवण्याचा आणि विल्हेवाटीचा खर्च अनुदानात वेगळा धरावा. महापालिका व ग्रामपंचायतींनी ते गोळा करण्याची सोय करावी. श्वसनाच्या रुग्णाला सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात आधीच्या कामाविषयी विचारून त्याची नोंद ठेवावी.

तोवर तरुण मंडळांनी विहारात बैठक घेऊन एवढे तरी सांगावे: पत्रा फोडू नका, बोल्ट काढून अखंड उतरवा. आधी पाणी मारून ओला करा. धूळ कोरडी झाडू नका. नुसता रुमाल पुरत नाही, साधा एन-९५ही पुरेसा मानला जात नाही; पी-१०० फिल्टरचा मास्क लावा. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा, ओढ्यात किंवा बांधावर टाकू नका. आणि पाडकामाला जाणाऱ्या प्रत्येकाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वर्षात ९० दिवस काम केलेल्याला ती करता येते, आणि उद्या आजाराचे मूळ सिद्ध करायचे तर तोच कागद हाती असेल.

दुःखाचे कारण शोधल्याशिवाय त्याचा अंत होत नाही, हे बुद्धांनी शिकवले. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना कामगाराच्या जिवाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. माणगाव परिषदेचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यात पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आणणे, ही आपली पहिली पायरी आहे.